जो गाडीत चढलाच नाही

आजचा विषय पत्रिकेत 'उद्याची वाहनं आणि सर्वांसाठी प्रवास' असा छापलाय. विषय फार मोठा आहे. म्हणून आम्ही तो अंजनगाव सुर्जीच्या बसस्थानकावर आणून ठेवणार आहोत आणि तिथून जेवढा दिसतो तेवढाच बोलणार आहोत.

वाहनांच्या क्षेत्रात 'युजर एक्स्पीरियन्स' नावाचं शास्त्र आता चांगलं रुळलंय. माणूस गाडी कशी वापरतो, कुठे अडखळतो, कशाने वैतागतो ते बघायचं आणि त्याप्रमाणे गाडी घडवायची. कल्पना उत्तम. पण या शास्त्राने ज्याचा सर्वांत जास्त अभ्यास केला त्या मोटारवाल्याचं काय झालं, ते आधी बघू. 2022 साली स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या मोटारींच्या मासिकाने एक चाचणी घेतली. गाडी चालवता चालवता चार साधी कामं करायची, रेडिओ लावणे वगैरे. 2005 सालच्या जुन्या, बटणांच्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली. नव्या, पडद्यावर बोट फिरवायच्या एका गाडीत जवळजवळ पंचेचाळीस सेकंद लागले. आता युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या 'युरो एनकॅप'ने 2026 पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, वायपर, हॉर्नसारख्या गोष्टींना खरी बटणं असण्याला महत्त्व दिलंय. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा, ज्याच्यामागे संशोधकांची फौज, त्याच्या बाबतीतही एवढी चूक झाली. मग ज्याच्यामागे कुणी हिंडलंच नाही, त्याचं काय?

आता या आपल्या स्थानकात.

आम्ही दोघं-तिघं काही दिवस इथे नुसते बसून होतो. एक आजी दर्यापूरच्या गाडीपाशी आल्या. काठी आधी वर ठेवली, मग दोन्ही हात पायरीवर टेकवले, आणि थांबल्या. मागून लोक रेटत होते. शेवटी शेंगदाणेवाल्याने आपलं बसायचं प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं, त्यावर पाय ठेवून त्या चढल्या. गाडी गेली. स्टूल इथेच राहिलं. दर्यापूरला उतरताना काय झालं असेल, हे आम्ही रात्रभर एकमेकांना विचारत होतो.

पायरी उंच का, याची कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. आपल्याकडे बसची बॉडी वर्षानुवर्षं ट्रकच्या सांगाड्यावर चढवली गेली, त्यामुळे तळ उंच. शहरांसाठी 400 मिलिमीटर तळाच्या लो-फ्लोअर बस आल्या, पण आपल्या वऱ्हाडातले गतिरोधक, काळ्या मातीत खचलेले रस्ते आणि पावसाळ्यात पुलावर चढणारं पाणी बघता तशी गाडी इकडे पोट घासत चालेल. हे मान्य. पण मग गाडी खाली येत नसेल, तर फलाट वर का येत नाही? अहमदाबादच्या 'जनमार्ग'ने 2009 साली हेच केलं. बसचा तळ उंचच ठेवला आणि थांबा त्या उंचीला नेला. माणूस सपाट पाऊल टाकून आत जातो. आपल्याकडे मात्र एसटी फलाटाला नाक लावून उभी राहते आणि दार बाजूला असतं. म्हणजे फलाट कितीही उंच करा, चढायचं ते दोन गाड्यांच्या मधल्या जमिनीवरूनच. खरी रचना बदलायची ती इथे. निदान एक फलाट असा हवा की जिथे गाडी बाजूने लागेल. याला बॅटरी लागत नाही, ॲप लागत नाही. कदाचित म्हणूनच याचं सादरीकरण कुणी करत नसावं.

1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे-नगर मार्गावर धावली. 1 जून 2022 ला त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' धावली. इंधन बदललं, ही मोठी गोष्ट आहे, आम्ही ती कमी लेखत नाही. पण चढायला पायऱ्या तेव्हाही होत्या, आताही आहेत.

याउलट, महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत सर्वांना सामावून घेणारा जो मोठा बदल झाला तो गाडीत झालाच नाही, तिकिटात झाला. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. इथल्या पानमळ्यात, पानपिंपरीच्या वाडीत कामाला जाणाऱ्या बायकांना विचारा, माहेरच्या चकरा वाढल्या की नाही. वाहनतज्ज्ञ याला डिझाइन म्हणत नाहीत. आम्ही म्हणतो. फक्त त्याची हद्द ओळखू या. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाचं तिकीट शून्य झालं, पण त्याच्या गुडघ्याला पायरी तेवढीच उंच राहिली.

कायदा नाही असंही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 41 प्रवासाच्या सोयीबद्दलच आहे. मार्च 2020 पासून बसगाड्यांत राखीव आसनं, आधाराचे दांडे, कुबड्या-काठी अडकवायची सोय हवी असा केंद्राचा नियम आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस असून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. आता वाचून बघा, त्या बसच्या नियमातला बराच भाग माणूस आत आल्यानंतरचा आहे.

इथे आमचा मुख्य आक्षेप येतो, आणि तो संशोधनाच्या पद्धतीवर आहे. प्रवाशांचा अनुभव जाणून घ्यायचा म्हणून प्रश्नावली घेऊन लोक बसमध्ये शिरतात. तिथे भेटतो तो चढू शकलेला माणूस. जो चढू शकला नाही तो घरी ओसरीवर बसलाय, त्याची नोंद कुठेच नाही. पॅट्रिशिया मूर या अमेरिकन डिझायनरचं उदाहरण नेहमी देतात, आणि द्यायलाच हवं. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, 1979 ते 1982, म्हातारीचं सोंग घेऊन, धूसर चष्मा लावून, सांधे बांधून ती शंभरावर शहरं हिंडली. धाडसी काम. पण म्हाताऱ्या माणसाला काय होतं हे कळायला तरुण माणसाला सोंग घ्यावं लागलं, खरी म्हातारी तिथेच होती, याचं आम्हाला जरा नवल वाटतं.

आपल्या शकुंतलेचंही तसंच. मूर्तिजापूर-अचलपूरची नॅरोगेज, अंजनगाववरून जाणारी, 1994 पर्यंत वाफेवर चालणारी. तिच्यावर हळवे लेख पुष्कळ निघाले. सगळे तिच्यात बसलेल्यांचे.

म्हणून आम्ही सुर्जीच्या गल्ल्यांत घरोघर गेलो. एका घरी एक आजोबा होते. ते म्हणाले, "बसाले काई नाई बापू, चढनंच होत नाई." चार वर्षांपासून एसटी बंद. अमरावतीला डोळे दाखवायला जायचं तर नातू मोटरसायकलवर नेतो. आता बघा, आकडेवारीत हा माणूस कुठे गेला? तो 'दुचाकीचा प्रवासी' झाला. उद्या कुणी तक्ता काढेल की वृद्धांचा कल खासगी वाहनाकडे वाढतोय. पण आजोबांचा कल कुठेच वाढला नव्हता. ते नातवाच्या सुट्टीची वाट बघत होते. मधल्या दोन तारखा हुकल्या, कारण नातवाला कपाशीची फवारणी होती. एका डोळ्याने आता कमी दिसतं, असं त्यांनी सहज सांगितलं, जसं पाऊस कमी झाला म्हणावं तसं.

आम्ही त्यांना विचारलं, गाडीत काय बदललं तर तुम्ही जाल? थोडा वेळ ते बोललेच नाहीत. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. मग दाराकडे बोट करून म्हणाले, "हा ओटा आहे ना घरचा, एवढ्यावरून गाडीत पाय टाकता आला पायजे." त्यांचा ओटा आम्ही मोजला नाही, राहून गेलं. पुढच्या वेळी टेप घेऊन जाऊ.

आता तुमचे प्रश्न घेऊ.