‘गिंप’ : अवजारे उत्तम, पण आकडे कोण शिकवणार?

चित्र-संपादनाचा तास बहुधा एका ठरावीक पद्धतीने होतो. पडद्यावरचे अवजार दाखवायचे, त्याचे नाव सांगायचे, मुलांनी ते वहीत उतरवायचे. क्रॉप म्हणजे कापणे, क्लोन म्हणजे नक्कल. मुलांचा हात बसतो. पण संगणकातले चित्र म्हणजे नेमके काय, हे कळत नाही. ‘गिंप’ या मोफत सॉफ्टवेअरकडे आम्ही याच दृष्टीने पाहिले.

स्पेन्सर किम्बॉल व पीटर मॅटिस या बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंपचे काम सुरू केले. शाळेला परवान्याचा खर्च नाही, हा गुण मोठाच. त्याहून मोठा गुण असा की, चित्रामागचे आकडे येथे पाहता येतात. ‘पॉइंटर’ या चौकटीत प्रत्येक पिक्सेलची तांबडा, हिरवा, निळा यांची ० ते २५५ मधील मूल्ये मिळतात. २५६ चा घन केला की १,६७,७७,२१६ रंगछटा. ‘हिस्टोग्राम’ म्हणजे याच मूल्यांचा आलेख.

आता एक प्रयोग करून पाहा. ८ बिटांच्या चित्रात ‘लेव्हल्स’मधील पांढऱ्याची सीमा २५५ वरून २०० वर आणा. चित्र उजळते, पण २१० आणि २४० ही दोन्ही मूल्ये आता २५५ होतात. पुन्हा काळोख वाढवला तरी त्यांतला फरक परत येत नाही. ढगांवरची छटा पुसली गेली ती गेलीच! असे घडताना गिंप आपणहून कोणताही इशारा देत नाही, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार नावांबद्दल. ‘डॉज’, ‘बर्न’, ‘अनशार्प मास्क’ हे शब्द फिल्मच्या डार्करूममधून आले. तेथे मूळ निगेटिव्हला तिचीच धूसर प्रत जोडून कडा ठळक करीत. संगणकही कडांजवळील फरक वाढवतो; नवा तपशील निर्माण करीत नाही. हे न कळलेला विद्यार्थी अस्पष्ट छायाचित्र ‘स्पष्ट’ करून त्यात नसलेले वाचू लागेल.

लेअर्सची सोय मात्र शिक्षकांनी जरूर वापरावी. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका एकावर एक ठेवाव्यात, तसे हे थर. मूळ चित्र तळाशी अबाधित राहते. २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून बरेच फिल्टरही मूळ पिक्सेल न बदलता लावता येतात. ही सुधारणा उशिरा आली, पण स्वागतार्ह आहे.

हा केवळ कौशल्याचा प्रश्न नाही. जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्प्सन यांचे पोलिसांनी काढलेले एकच छायाचित्र ‘टाइम’ व ‘न्यूजवीक’ यांच्या मुखपृष्ठांवर आले. ‘टाइम’ने ते काळपट केले होते. दोन्ही अंक शेजारी दिसताच वाद पेटला. कारण खटला चालण्याआधीच कृष्णवर्णीय आरोपीचा चेहरा अधिक भीषण झाला होता. चेहऱ्याची ठेवण तीच होती, बदलली होती ती उजेडाची मूल्ये.

म्हणून आमचे मत असे : गिंप शाळेत अवश्य आणावे, पण पहिला तास अवजारांचा नसावा. तो आयतालेखाचा, म्हणजे गणिताचा असावा. कोणते आकडे बदलले, किती बदलले आणि का, हे विद्यार्थ्याने प्रत्येक चित्राखाली लिहावे. प्रयोगवहीत आपण निरीक्षणांची नोंद मागतोच. मग चित्राला सूट कशासाठी?