स्पीकरलाही मत असतं

जुन्या स्पीकरबद्दल काहीही वाचायला घ्या, तिसऱ्या-चौथ्या वाक्यात 'उबदार आवाज' हजर असतो. मग 'आत्मा' येतो, मग 'आजकाल असं बनत नाही'. सोबत फोटो: सागवानी रंगाची पेटी, शेजारी मनी प्लांट, वर रेकॉर्डची दोन कव्हरं. मला या लिखाणाचा कंटाळा आला आहे. फोटो सुंदर असतात, पण 'उबदार' म्हणजे नक्की काय ते कुणी सांगत नाही. कवितेला 'हृदयस्पर्शी' म्हणून मोकळं व्हावं, तसलाच हा प्रकार.

स्पीकर म्हणजे आरसा नव्हे. गाण्यातलं काय पुढे आणायचं, काय मागे ठेवायचं आणि कशावर पांघरूण घालायचं, हे पेटी घडवताना कुणीतरी ठरवलेलं असतं. लाकडाची जाडी, कोनचं वजन, दोन ड्रायव्हरमधला क्रॉसओव्हर, सगळ्यांत ते मत शिरलेलं असतं. तेव्हा एकच जोडी वीस वर्षं घरात असणं म्हणजे वीस वर्षं एकाच समीक्षकाचं वाचत राहणं. हळूहळू त्याच्या खोडी आपल्याला खोडी वाटेनाशा होतात. त्यालाच आपण 'चांगला आवाज' म्हणू लागतो.

दोन पेट्यांवरून हे बोलतो. दोन्ही गाजलेल्या, दोन्ही छोट्या, दोन्ही १९७० च्या दशकातल्या. आणि दोघींची नशिबं उलटसुलट झालेली.

पहिली बीबीसीची एलएस३/५ए. ही घरासाठी बनलीच नव्हती. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी बीबीसीच्या गाड्या जायच्या. त्या गाडीत अभियंत्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर बसेल एवढा, तरी विश्वास ठेवता येईल असा स्पीकर हवा होता. हारवुड, व्हॉटन आणि मिल्स यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या बीबीसीच्या संशोधन अहवालात त्याची हकिकत आहे. पेटी साधारण एक फूट उंच. आत केईएफ कंपनीचे दोन ड्रायव्हर: बी११० हा वूफर आणि टी२७ हा ट्वीटर. ट्वीटरभोवती जाड नमद्याची चौकट, कारण पेटीच्या कडांवरून परतणाऱ्या लहरी आवाज गढूळ करतात. पेटीच्या भिंती मुद्दाम पातळ, बर्च प्लायच्या, आणि त्यांना आतून कंपन शोषणारे थर चिकटवलेले. जाडजूड पेटी म्हणजे चांगली पेटी, या आपल्याकडच्या समजुतीच्या बरोबर उलट.

बीबीसीच्या अभियंत्यांची खरी कसोटी होती माणसाचं बोलणं. स्टुडिओत माणूस बोलतोय, शेजारच्या खोलीत तोच आवाज स्पीकरवर येतोय, आणि अभियंता दोन खोल्यांत ये-जा करून ताडून बघतोय. व्हायोलिन कसं वाजतं हे आपल्याला अंदाजानं माहीत असतं, माणूस कसा बोलतो हे मात्र पक्कं माहीत असतं. या कसोटीतून जे मत तयार झालं ते असं: गळा आधी, बाकी सगळं नंतर.

पुण्यात एका स्नेह्यांकडे या स्पीकरची जुनी, १५ ओमची जोडी आहे. तिच्यावर मी गेली अनेक वर्षं गाणं ऐकतो आहे. किशोरीताईंचा भूप लावला की गायिका दोन पेट्यांच्या मधोमध, थोडी मागे, बसलेली दिसते. 'दिसते' हा शब्द जपून वापरतो आहे. पेट्या खोलीतून नाहीशा होतात. पण बायाचा घुमारा ऐका. तो आहे आणि नाहीही. ही पेटी ८० हर्ट्झच्या खाली झपाट्यानं गळून पडते, आणि ती उणीव झाकण्यासाठी तिच्या थोडं वर, मंद्राच्या पट्ट्यात, आवाजाला बारीकसा फुगवटा दिलेला आहे. छोट्या पेटीतून मोठा खर्ज येतोय असं वाटतं ते त्यामुळे. ही लबाडी आहे, पण मापून केलेली.

आता गंमत बघा. पुरुष गायकाचा सा काळी एकचा असेल तर तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर वाजते. या पेटीला तो मूळ स्वर नीट काढता येत नाही. तरी तानपुरा पूर्ण लागतो! कारण जवारीनं खुललेल्या वरच्या स्वरांशांची रांग ती स्वच्छ देते, आणि खालचा स्वर आपला मेंदू त्या रांगेवरून स्वतःच बांधतो. कानाचा हा गुणधर्म जगभर सारखा आहे. पण तानपुऱ्याची सवय असलेल्या श्रोत्याला ही पेटी इतकी का भावते, याचं मला सापडलेलं उत्तर हेच.

दुसरी पेटी यामाहाची एनएस-१०. ही १९७८ मध्ये आली ती घरगुती स्पीकर म्हणून. शेल्फवर ठेवा, संध्याकाळी गाणी ऐका. घरगुती श्रोत्यांनी तिला नाकारलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मधले स्वर अंगावर येतात, वरचे टोचतात, खर्ज जेमतेम. मात्र नेमक्या याच दुर्गुणांसाठी रेकॉर्डिंग अभियंत्यांनी तिला उचललं. ज्या मिश्रणात गायकाचा आवाज दाबला गेलाय किंवा गिटार केकाटतंय, ते मिश्रण या पेटीवर असह्य होतं. तेव्हा ते आधी दुरुस्त करावंच लागतं. ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवून तिचा धारदारपणा कमी करण्याची पद्धत तर स्टुडिओंमध्ये दंतकथेसारखी पसरली. काळ्या पेटीतला तो पांढरा कोन तुम्हीही पाहिला असेल, नकळत. गाण्याच्या रेकॉर्डिंगचा एखादा व्हिडिओ थांबवून मिक्सिंग डेस्कच्या वर बघा.

म्हणजे गाडीतलं अवजार दिवाणखान्यात गेलं आणि दिवाणखान्यातली वस्तू अवजार झाली. यावरून मी एवढंच घेतो की 'उत्तम स्पीकर' हे वाक्य अपुरं आहे. कुणासाठी, कुठल्या कामासाठी, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. एनएस-१० वर रोज गाणी ऐकणं म्हणजे मुद्रितशोधकाबरोबर कादंबरी वाचणं. तो बरोबर असतो, पण रात्री अकरा वाजता नको.

दोघींचा शेवट मात्र सारखाच झाला: कच्चा माल. यामाहानं २००१ मध्ये एनएस-१० थांबवली, कारण त्या पांढऱ्या कोनसाठी लागणारा कागदाचा लगदा मिळेनासा झाला. एलएस३/५ए च्या बाबतीत केईएफचे ड्रायव्हर वर्षागणिक मूळ मापांपासून सरकत गेले. १९८० च्या दशकाच्या शेवटी क्रॉसओव्हर नव्यानं आखावा लागला, आणि १५ ओमची पेटी ११ ओमची झाली. मूळ की नवी, हा वाद रसिक मंडळी आजही घालतात, रागाच्या पाठभेदावरून घालावा तसा. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: कारखान्यातसुद्धा 'मूळ आवाज' नावाची गोष्ट दहा-पंधरा वर्षं जागेवर राहिली नाही.

मग घरात ती कशी राहील?

माझ्या घरातली जोडी या दोन्हींपैकी नाही. ती मोठी आहे, जमिनीवर उभी राहणारी, आणि तिला नावाचा डौल नाही. तिच्या वूफरचा कोन पेटीला जोडणारी कड फोमची होती. हा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्यानं आतून तुटत जातो. सहसा पंधरा-वीस वर्षांत तो संपतो, आणि आपले चार महिने पाऊस त्याला आवडत नाहीत. वाजवला नाही तरी सडतो, हे लक्षात ठेवा. माळ्यावर जपून ठेवलेला स्पीकर त्यातून सुटत नाही. एके दिवशी तबल्याच्या थापेबरोबर फर्र असा आवाज आला. जाळी काढून बोट लावलं तर कड काळ्या चिकट भुशासारखी हातात आली.

पुण्यात तापकीर गल्लीत अशा दुरुस्त्या होतात. तिथल्या कारागिरानं कोन हातात घेतला, अंगठ्यांनी हलकेच आतबाहेर केला. व्हॉइस कॉइल घासत नव्हती. मग विचारलं, "साहेब, आवाज तोच पाहिजे की टिकाऊ पाहिजे?" फोमची कड लावली तर आवाज मूळच्या जवळ जाईल, पण काही वर्षांनी पुन्हा जाईल. रबराची लावली तर टिकेल, पण रबर जड असतं, कोनची चाल बदलेल. मूळ आणि टिकाऊ यांतलं एक निवडा, दोन्ही मिळणार नाही. जुन्या स्पीकरवरच्या लेखांमध्ये हा प्रश्न इतका थेट विचारलेला मी वाचलेला नाही. मी फोम घेतला. तो त्यानं चिकटवला, कोन मधोमध आहे ना हे बघायला कॉइलभोवती पातळ पट्ट्या खोचून रात्रभर ठेवला.

वूफरचं दुखणं निदान ऐकू येतं. ट्वीटरचं येत नाही. बहुतेक जुन्या घरगुती स्पीकरमध्ये क्रॉसओव्हरचे कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतात. ते वर्षांनुवर्षं सुकत जातात, आणि ट्वीटरपर्यंत पोचणारा वरचा आवाज थोडा थोडा मंदावतो. इतका हळू, की मालकाला कळूच नये. तेव्हा 'उबदार' म्हणून ज्याचं कौतुक चालतं, तो पुष्कळदा सुकलेला कपॅसिटर असतो. ते कौतुक आजाराचं आहे, आवाजाचं नव्हे.

आणि मालकाचा कान? तोही वरूनच झिजतो. विशीत १६-१७ हजार हर्ट्झपर्यंत ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना पन्नाशीत १२ हजाराच्या आसपासच भिंत लागते. म्हणजे पेटी वरून विझतेय, ऐकणाराही वरून विझतोय. दोघं एकमेकांना प्रमाणपत्र देत बसलेत: काय मस्त वाजतंय! वीस वर्षं एकच स्पीकर वापरून आपला कान 'तयार' झाला, असं सांगणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. कान तयार होतो हे खरंच. श्रुती ओळखायला, ठेक्यातली बारीक ओढ पकडायला, गायकाचा श्वास ऐकायला तो शिकतो. पण ट्वीटरचा न्यायनिवाडा करायला तो दर वर्षी थोडा नालायक होत जातो. मी स्वतः संगीतावर लिहितो, तेव्हा हे वाक्य माझ्या पोटावर येतं. तरी ते खरं आहे.

म्हणून मी कान उसने घेतो. माझी भाची सोळा वर्षांची आहे, कायम इअरबड्समध्ये असते. तिला सोफ्यावर मधोमध बसवलं, तेच रेकॉर्डिंग आधी डावीकडून, मग उजवीकडून वाजवलं. दुसऱ्याच मिनिटाला म्हणाली, "मामा, उजवीकडे टाळ वाजतात, पण चमकत नाहीत." मी तीनदा ऐकलं. मला दोन्हीकडचे टाळ सारखेच.

एक गोष्ट या जुन्या पेटीच्या बाजूनं, कारण भाचीनं ती लगेच विचारली: "माझ्या ब्लूटूथ स्पीकरचं काय?" त्याचा आवाज आकाराच्या मानानं थक्क करणारा आहे, त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण त्याची बॅटरी गेली की बहुधा सगळाच जातो. जुन्या पेटीला मागे दोन टोकं असतात, लाल आणि काळं. पन्नास वर्षांपूर्वीचा अ‍ॅम्प्लिफायर लावा किंवा कालचा, तिला फरक पडत नाही. तिला अपडेट लागत नाही. आणि चार स्क्रू काढले की तिचं सगळं मत उघड्यावर येतं: एक कॉइल, दोन-तीन कपॅसिटर, एखादा रेझिस्टर. ते वाचता येतं, खोडता येतं, पुन्हा लिहिता येतं. माल्कम जोन्स यांनी सुरू केलेल्या फाल्कन अकॉस्टिक्सनं तर बी११० आणि टी२७ पुन्हा घडवून एलएस३/५ए नव्यानं बाजारात आणली. किंमत बघून छातीत धस्स होतं, पण जुन्या मताची नवी आवृत्ती निघू शकते हे त्यानं दिसलं.

माझ्या पेटीची नवी आवृत्ती निघणार नाही. क्रॉसओव्हर उघडला, उजवीकडचा कपॅसिटर मीटरवर लावला, तो त्याच्यावर छापलेल्या आकड्यापासून बराच ढळलेला निघाला. दोन्हीकडचे एकदमच बदलून घेतले, एकाच बॅचचे, फिल्मचे. सगळा खर्च एका चांगल्या जेवणाएवढा. भाचीनं पुन्हा सोफ्यावर बसून टाळ ऐकले आणि आता बरोबर आहे म्हणाली. मला पूर्वीसारखंच ऐकू येतंय.