इगर्जीतले पुराण

मराठी भाषेचा गौरव करण्याचा प्रसंग आला, की आमच्या सीमाभागातल्या व्यासपीठावर फादर स्टीफन्सची आठवण हटकून होते. वक्ता आवाज चढवतो, पुष्पामध्ये मोगरी आणि परिमळामध्ये कस्तुरी अशी ती ओळख करून देतो, एका इंग्रज माणसाने आपल्या भाषेला केवढे मोठे प्रशस्तिपत्र दिले म्हणून टाळ्या पडतात आणि ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा कपाटात जाते. तीस वर्षांच्या मास्तरकीत असली भाषणे मी इतकी ऐकली, की शेवटी हे पुराण मुळापासून वाचायला घ्यावे लागले. एम.ए.ला असताना त्यातले दोनचार उतारे अभ्यासाला होते. पण उतारा वाचणे म्हणजे देवळाच्या पायरीवरून परत येणे.

मुळातून वाचले म्हणजे पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की हा ग्रंथ मराठीची स्तुती करण्यासाठी लिहिलेलाच नाही. ती स्तुती वाटेवर आलेली आहे. हा ग्रंथ लिहिला गेला एका गावाच्या मागणीवरून. साष्टीतल्या इगर्जीत मुलांना ख्रिस्ती सिद्धान्ताची प्रश्नोत्तरे शिकवली जात आहेत, वडीलधारी मंडळी बसलेली आहेत, आणि त्यातला एकजण, पूर्वीचा ब्राह्मण, पाद्रीगुरूला विचारतो: आमची पहिली पुराणे तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्या जोडीचे दुसरे पुराण आम्हाला का करून देत नाही? कवीनेच पहिल्या अवस्वरात (अध्यायाला त्याचा हा शब्द) ही हकिगत घातली आहे. आमच्या वाङ्मयेतिहासात हा प्रश्न ‘ग्रंथनिर्मितीचे निमित्त’ म्हणून एका ओळीत उरकतात. माझ्या मते सगळा ग्रंथ त्या एका प्रश्नात आहे.

हा प्रश्न कोण विचारतो आहे ते जरा पाहू. 1567 साली साष्टीतली देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. त्या धामधुमीच्या वर्षांत कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा नदीपलीकडे अंत्रुज महालात नेण्यात आली. जे गेले त्यांनी पलीकडे देऊळ उभारले. जे जमिनीसाठी, गावकीच्या हक्कासाठी, म्हाताऱ्या आईबापांसाठी, की आणखी कशासाठी मागे राहिले, ते ख्रिस्ती झाले. त्यांतले काही मनापासून झाले असतील, काही भीतीने. चारशे वर्षांनंतर खुर्चीवर बसून त्याचा निवाडा करणारे आपण कोण? पण एवढे खरे, की धर्म बदलला तरी कान बदलत नाहीत. दिवेलागणीला ओटीवर बसून कोणीतरी लांब लांब ओव्या म्हणाव्यात आणि गावाने ऐकाव्यात, ही सवय बाप्तिस्म्याच्या पाण्याने कशी जाईल? पुराण मागणारा तो माणूस नवा देव नाकारत नाही आणि जुना परत मागत नाही. तो संध्याकाळ परत मागतो आहे.

स्टीफन्स ते ओळखतो, ही त्याची थोरवी. 1579 साली तो गोव्यात आला आणि 1619 मध्ये गोव्यातच वारला. त्याच्या या चाळीस वर्षांतला बराच काळ साष्टीत गेला. तो सुखासुखी गेला असेही नाही. 1583 च्या जुलैत कुंकळ्ळीला रुदॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांची हत्या झाली, तेव्हा ती प्रेते मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम याच स्टीफन्सने केले. पुढे कुंकळ्ळीच्या गावकरी पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. दोन्ही बाजूंचे रक्त त्या मातीत मुरले असताना हा माणूस तिथेच राहिला, तिथली भाषा शिकला आणि तेहेतीस वर्षांनी, 1616 साली, त्याचे पुराण राचोलला छापून झाले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या आरंभापासून प्रेषितांच्या भविष्यवाण्यांपर्यंतची कथा, छत्तीस अवस्वरांत. दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र, एकोणसाठ अवस्वरांत. मिळून सुमारे अकरा हजार ओव्या, म्हणजे ज्ञानेश्वरीहूनही मोठा पसारा.

आता सीमाभागातल्या वाचकाने थांबून पाहावे अशी गोष्ट सांगतो. याच माणसाने साष्टीच्या इगर्जीसाठी प्रश्नोत्तररूपी सिद्धान्ताचे पुस्तक केले ते कोकणीत. ते त्याच्या मरणानंतर 1622 साली राचोललाच छापले गेले. कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले, ते 1640 साली निघाले. म्हणजे एकाच इगर्जीत, एकाच मंडळीसाठी, एकाच पाद्रीने पाठांतराला कोकणी आणि श्रवणाला मराठी अशी वाटणी केली. पुराणाच्या गद्य प्रस्तावनेत तो सांगतो, की देवाच्या गोष्टींना योग्य म्हणून मराठी निवडली. पण निखळ मराठी मधल्या लोकांना समजत नाही, तेव्हा जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोकणीतले, शब्द मिसळले आणि कवित्व सोपे केले. गोव्यात कोकणी की मराठी या वादात पुढे दोन्ही पक्षांनी स्टीफन्सला आपापला साक्षीदार म्हणून उभे केले. साक्षीदाराची साक्ष मात्र कोणीच पुरी ऐकली नाही. त्याला हा वाद पडलाच नव्हता. मूल आईजवळ ज्या भाषेत बोलते त्या भाषेत त्याला ‘देव एक आहे’ हे शिकवावे, आणि सगळा गाव एकत्र बसला म्हणजे ज्या भाषेत बसायची त्याला सवय आहे त्या भाषेत कथा लावावी, इतका साधा हिशोब. आमच्या खानापूर-बेळगावकडच्या घरांना हा हिशोब निराळा समजावून द्यावा लागणार नाही. घरात एक, शाळेत दुसरी, कचेरीत तिसरी आणि भजनाला पुन्हा पहिली किंवा दुसरी, हे आपण रोज करतो आणि त्याला नाव देत नाही.

शब्दांच्या बाबतीतही असेच. स्वर्गाला तो बेधडक वैकुंठ म्हणतो. पण बाप्तिस्मा, क्रूस यांसारख्या गोष्टींना पोर्तुगीज शब्दच ठेवतो. लंडनला मार्सडेनच्या संग्रहात या पुराणाची एक देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. तिच्यात असे परके शब्द काढून संस्कृत वळणाचे शब्द घातलेले आढळतात, आणि मूळ कोणते यावर विद्वानांत मतभेद आहेत. विद्वानांचे विद्वानांपाशी. मला रोमन लिपीतल्या पाठाची सरमिसळ अधिक खरी वाटते. जे कानाने ऐकायचे त्याला ओळखीचा शब्द. जे इगर्जीत हाताने, पाण्याने, तेलाने करायचे त्याला पाद्रीचा शब्द. वैकुंठ ऐकायचे असते, बाप्तिस्मा घ्यायचा असतो. आमच्या शाळेतला मुलगाही ‘आजी गोष्ट सांगते’ म्हणतो आणि ‘हॉलतिकीट हरवले’ म्हणतो. त्याला कोणी भाषाभ्रष्ट म्हणत नाही. सोवळे करून ठेवलेली मार्सडेनची प्रत वाचायला गोड आहे, पण तिच्यातून गाव थोडा कमी होतो.

काव्य म्हणून ग्रंथ सारखा नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे मराठीप्रेमापोटी स्टीफन्सला एकनाथांच्या शेजारी बसवण्याची चाल आहे. एकनाथ त्याचे समकालीन खरे. भागवतावरची त्यांची टीका 1573 ला पुरी झाली, स्टीफन्स गोव्यात उतरण्याच्या सहा वर्षे आधी. पण एकनाथ तत्त्वज्ञान सांगत असतानाही त्यांच्या ओवीतून घरातले भांडे-कुंडे वाजत असते. स्टीफन्सला सिद्धान्त मांडायचा असला म्हणजे त्याची ओवी शिक्षकासारखी ताठ होते (हे मी अनुभवाने ओळखतो), आणि परधर्माचे खंडन सुरू झाले की रुक्ष होते. तो भाग आज वाचताना त्रासही होतो. ज्यांची देवळे पाडली त्यांच्यापुढे त्यांच्या देवांची निंदा करणे याला वादविवाद म्हणत नाहीत, कारण उत्तर देण्याची मुभा समोरच्याला नव्हती. गोव्यात इन्क्विझिशन 1560 पासून बसलेले होते.

मात्र श्रोता मध्येच तोंड उघडतो तेव्हा ग्रंथ जिवंत होतो. तो शंका काढतो, गुरू कथा थांबवून उत्तर देतो. आपल्या पुराणांतून ही रीत जुनीच आहे; जनमेजय विचारतो, वैशंपायन सांगतो. फरक असा, की इथला श्रोता राजा नसून कालपरवाच धर्म बदललेला गावकरी आहे, आणि त्याच्या शंका पोथीतल्या वाटत नाहीत, कोणीतरी खरोखर विचारल्यासारख्या वाटतात. चाळीस वर्षे त्याच लोकांत काढल्याखेरीज कवीला त्या सुचल्या नसत्या. पटलावरच्या मुलाने हात वर करावा आणि मास्तराने खडू खाली ठेवावा, तसे ते प्रसंग आहेत. दुसऱ्या पुराणात ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा येते तिथे कवी वाद विसरतो. आई आणि मुलगा एवढेच उरते. मग ओवी धावते. इगर्जीत रविवारी आणि सणावारी मिस्सा झाल्यावर हे पुराण लावीत. या भागाला बायाबापड्यांनी पदर डोळ्याला लावला नसेल असे मला वाटत नाही.

त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. झुआरीच्या एका तीराला, प्रियोळच्या मंगेशाच्या सभामंडपात मराठीतून हरिकथा चालली आहे. दुसऱ्या तीराला साष्टीच्या इगर्जीत मराठी ओवीतूनच ख्रिस्तकथा चालली आहे. ऐकणारे एकमेकांचे भाऊबंद, आडनावे तेवढी बदललेली. अंत्रुज पोर्तुगिजांकडे गेला तो 1763 मध्ये. तोवर मधले पाणी ही सरहद्दच होती. सरहद्दीच्या दोन्ही अंगांना एकच छंद ऐकू येतो, हे आपल्यासारख्यांना कळायला नकाशा लागत नाही.

मग हे मोडले कशाने? पहिले कारण लिपी. स्टीफन्सची स्वतःची इच्छा देवनागरी छपाईची होती. 1608 च्या पत्रात त्याने आपल्या वरिष्ठांकडे तशी परवानगी मागितली होती. टंक पाडणे जमले नाही आणि पुराण रोमन अक्षरांत निघाले. त्यामुळे पलीकडच्या तीरावरच्या भाऊबंदाला ते कधी वाचताच आले नाही. दुसरे कारण उघड जुलमाचे. 1684 च्या जूनमध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांत सर्वांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. फर्मानाने घरातली कोकणी मेली नाही. तिला फर्मान कोण वाचून दाखवणार? पण शिकून घ्यावी लागणारी, चारचौघांत बसून ऐकायची मराठी इगर्जीतून हळूहळू बाहेर पडली. 1649 आणि 1654 च्या आवृत्त्यांनंतर गोव्यात पुन्हा आवृत्ती निघाली नाही, आणि त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही.

ते वाचले कसे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. गोव्यातून दक्षिणेकडे कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. मराठी ही ना त्यांच्या घराची भाषा, ना बाजाराची. घरात कोकणी, बाहेर तुळू आणि कानडी. तरी पोथी होती आणि तिचे वाचन होते. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्डान्हा यांनी 1907 साली मंगळूरला रोमन लिपीत ग्रंथ छापला, म्हणून तो आपल्याला मिळाला. महाराष्ट्राने, पुण्या-मुंबईच्या विद्वत्तेने तो राखला नाही. तो राखला परप्रांतातल्या, परभाषेत नांदणाऱ्या काही कुटुंबांनी. देवनागरीत शांताराम बंडेलू यांनी तो पुण्याहून आणला तो 1956 साली. हेच ते वर्ष, ज्या वर्षी आमचा मुलूख राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. योगायोग म्हणून सोडून देतो. पुढे 1996 ला फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली.

पुढे रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962 ते 1965) उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. वसईच्या धर्मग्रामांतून मराठी प्रार्थना आणि गीते आली. तिथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, आणि 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे गेले. 2024 च्या जुलैत ते गेले. त्यांचे गद्य स्वच्छ, आजच्या माणसाचे आहे. पण ते गद्य आहे, एकट्याने दिव्याखाली बसून वाचायचे. साष्टीच्या त्या माणसाने मागितले होते ते हे नव्हे.

साष्टीतच राचोलला लागून राय नावाचा गाव आहे. तिथल्या इगर्जीत दर वर्षी 5 ऑगस्टला नव्या भाताची कणसे शेतातून वाजतगाजत आणून वेदीवर ठेवतात, पाद्री ती आशीर्वादित करतो आणि मग ती घरोघर जातात. आमच्याकडे नवे आणतात तेच. शेत, गाव आणि देव यांचा हा जुना करार इगर्जीने मोडला नाही. कणीस आले तसे पुराणही इगर्जीत आले होते. कणीस राहिले, पुराण गेले. कणसाला लिपी नव्हती आणि त्याच्यावर कोणी फर्मानही काढले नाही.

ज्यांना हा ग्रंथ हाती घ्यावासा वाटेल त्यांना एवढेच सुचवतो, की पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. दुसऱ्या पुराणातला दुःखभोग आधी काढावा, आणि मनात न वाचता मोठ्याने वाचावा, घरातली दोनतीन माणसे समोर बसवून. आठवीच्या वर्गात मी हा भाग वाचला तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी, घरी कोकणी बोलणारी, मुलांना अडलेल्या चार शब्दांचे अर्थ विचारायच्या आधी सांगून मोकळी झाली.