पानाचे पिकणे आणि 'जीर्णता' ही संज्ञा

वनस्पतीच्या पानाचे आयुष्य कसे संपते, याविषयी मराठीत लिहिताना 'जीर्णता' किंवा 'वार्धक्य' हे शब्द सहज लेखणीवर येतात. दोन्ही शब्द प्रौढ आहेत आणि परिभाषेत शोभण्यासारखे आहेत. परंतु ज्या क्रियेला ते लावले जातात तिचे स्वरूप त्यांतून व्यक्त होते काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. जीर्ण होते ते वस्त्र, जीर्ण होते ते देऊळ. वस्तू उन्हापावसाने व वापराने झिजते. त्या झिजण्यात तिचे स्वतःचे कर्तृत्व काही नसते. पानाचे तसे नाही.

पिवळे पडू लागलेले पान निष्क्रिय नसते. त्याच्या पेशी हरितद्रव्याचे क्रमाने विघटन करतात, प्रथिने मोडतात आणि त्यांतून मोकळा झालेला नत्र कोवळ्या पानांकडे किंवा भरणाऱ्या दाण्यांकडे धाडतात. हे काम बव्हंशी पुरे होईपर्यंत पेशींचे केंद्रक शाबूत राहते. एथिलीन, अ‍ॅब्सिसिक आम्ल व जॅस्मोनिक आम्ल ही संप्रेरके या क्रियेला चालना देतात, तर सायटोकायनिन तिला आवरून धरते. रिचमंड व लँग यांनी १९५७ साली तोडलेल्या पानांना कायनेटिन देऊन त्यांतील प्रथिनांचा ऱ्हास लांबविला. गॅन व अमासिनो यांनी १९९५ साली तंबाखूत अशी योजना केली की, पान पिकू लागताच त्यातच सायटोकायनिन तयार व्हावे. ती पाने दीर्घकाळ हिरवी राहिली. विटलेल्या वस्त्राच्या बाबतीत असे काही संभवत नाही.

संज्ञा सदोष असली की तीवरून काढलेले अनुमानही सदोष ठरते. 'जीर्णता' म्हटले की ती टाळणे हिताचेच, असे मन गृहीत धरते. गव्हाच्या उदाहरणाने या गृहीतकाला बाध येतो. रानगव्हातील 'नॅम-बी१' हे जनुक पान लवकर पिकविते व दाण्यातील प्रथिने वाढविते, असे २००६ साली दाखविण्यात आले. त्या गटातील जनुकांचे कार्य दाबले असता पाने तीन आठवड्यांहून अधिक उशिरा पिकली. परंतु दाण्यातील प्रथिने, जस्त व लोह ३० टक्क्यांहून अधिक घटले. उलटपक्षी, अवर्षणात तग धरणाऱ्या ज्वारीत पाने हिरवी राहणे हाच गुण मानला जातो. हित कशात आहे ते पीक व परिस्थिती ठरविते. संज्ञेने ते आधीच ठरवून टाकू नये.

या बाबतीत बोलीतील शब्द अधिक नेमके आहेत. पान पिकते, वाळते, करपते आणि गळते. ही चार क्रियापदे चार भिन्न घटना दाखवितात. वाळणे हे पाण्याच्या अभावाने होते, करपणे हे इजेने. गळणे म्हणजे देठाशी पान सुटणे. पिकणे मात्र आतून घडते. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावी कापसाच्या पानावर तांबूस रंग चढला की त्याला 'लाल्या' म्हणतात. हे नाव केवळ रंग सांगते. कारण सांगत नाही. त्यामागे नत्राची वा मॅग्नेशियमची उणीव असेल, तुडतुड्यांचा उपद्रव असेल, थंड रात्री असतील किंवा बोंडांचा भार असेल. त्याला 'रोग' म्हटले तर फवारणी सुचते. 'जीर्णता' म्हटले तर उपायच खुंटतो. 'अकाली पिकणे' म्हटले तर पानातील नत्र कोण ओढून नेत आहे, हा योग्य प्रश्न उभा राहतो, आणि शेतकऱ्याचा खर्च योग्य ठिकाणी पडतो.

नाव लक्षणावरून ठेवण्याचा हा धोका मराठीपुरता मर्यादित नाही. १९६३ साली कापसाच्या कोवळ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. ते गळतीस कारण होते या समजुतीने त्याला पुढे 'अ‍ॅब्सिसिक', म्हणजे गळतीचे, आम्ल असे नाव मिळाले. पुढे गळतीत मुख्य वाटा एथिलीनचा असल्याचे दिसून आले. नाव मात्र कायम राहिले. 'ओरेसारा' हे नाव त्याहून विलक्षण आहे. कोरियन भाषेत त्याचा आशय 'दीर्घायुषी' असा आहे. परंतु ज्या जनुकास ते दिले आहे, ते प्रत्यक्षात पान पिकविणारे आहे. ते बिघडले तरच पान दीर्घकाळ टिकते. कोवळ्या पानात एक सूक्ष्म आर.एन.ए. त्या जनुकाला दाबून ठेवतो व पानाच्या वयानुसार तो दाब ओसरतो, हे २००९ साली सिद्ध झाले. नाव बिघाडावरून पडले आणि कार्याच्या विरुद्ध ठरले.

'पिकणे' हा शब्दही निर्दोष नाही. तो फळालाही लागतो, असा आक्षेप घेता येईल. परंतु केळे पिकविणारे एथिलीनच पानालाही पिकविते, त्यामुळे हा संबंध निव्वळ योगायोगाचा नाही. खरी अडचण रंगाची आहे. मेंडेलने अभ्यासलेल्या हिरव्या दाण्याच्या वाटाण्यात हरितद्रव्य मोडण्याची क्रिया बिघडलेली असते. त्याचे पान हिरवे दिसत राहते, पण अन्न तयार करण्याची त्याची शक्ती ओसरतच जाते. अशा पानाला हिरवे म्हणावे की पिकलेले, याचा निर्णय डोळ्यांवर सोपवून चालणार नाही. म्हणून 'पिकणे' हा शब्द स्वीकारताना त्याचा अर्थ रंगापासून सोडवून क्रियेशी बांधला पाहिजे. एवढी मर्यादा पाळली तर हा शब्द 'जीर्णते'पेक्षा अधिक शास्त्रशुद्ध ठरतो. कारण झिजलेले काही मागे ठेवीत नाही, आणि पिकलेले पान आपले संचित दाण्याला देऊन मगच गळते.