एका वायरिंगचे रसग्रहण

कर्जत म्हटले की लोक मुंबईहून लोकल पकडतात. ते कर्जत रायगडातले. तिथे पाऊस पडतो. आमचे कर्जत नगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरातले. आणि या दोघांची गफलत पावसाने मात्र कधी केलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे विजेच्या प्रकरणात पाणी यायचे आहे.

तर कर्जतचे घर आम्ही दुरुस्त करून घेतले. पाहायला आलेल्यांनी फरशी वाखाणली, ओटा वाखाणला, छताची नक्षी मान मोडेपर्यंत पाहिली. वायरिंगबद्दल कोणी ब्र काढला नाही. ती दिसतच नव्हती. ही कला भिंतीत पुरलेली असते. टीकाकाराला आधी भिंत फोडावी लागते, आणि रंगाऱ्याचे पैसे तर नुकतेच चुकते केलेले असतात. वायरमनइतका निर्धास्त कलावंत महाराष्ट्रात दुसरा नसावा.

वडिलांच्या काळची वायरिंग लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली होती. बेंगरूळ, पण वाचता यायची. मीटरपासून निघायची, चौकटीला वळसा घालायची आणि माजघर ओलांडून देवघरातल्या बल्बपाशी थांबायची. (फ्यूज सारखा जातो म्हणून वडिलांनी त्यात खिळ्याएवढी जाड तार बसवली होती, हेही नोंदवले पाहिजे.)

नव्या कृतीत पहिल्यांदा खटकतो तो प्रतीकांचा खासगी वापर. फेजला लाल आणि न्यूट्रलला काळी वायर, असा आपल्याकडचा संकेत. इथे दोन्ही लाल. "काळं बंडल संपलं व्हतं," हे कलावंताचे निवेदन. परिणामी आतल्या खोलीतला एलईडी दिवा बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत राहिला. आई म्हणाली, "गोदड महाराजांनी ठेवलाय, ऱ्हाऊ दे." टेस्टर लावल्यावर खुलासा झाला. बटण फेजवर असायला हवे होते, ते न्यूट्रलवर बसवले होते. दिवा विझला तरी वीज होल्डरपर्यंत येऊन उभीच. जुना पिवळा बल्ब ही चुगली करत नसे. एलईडीला मात्र चिमूटभर प्रवाह पुरतो.

पण खरा वाद पेटला तो मीटरशेजारच्या आर.सी.सी.बी. नावाच्या डबीवरून. जिन्यातला दिवा लावला की ती खटकन पडे, आणि फ्रिज, मशीन आणि खुद्द जिना एकदम गप्प होत.

ही डबी म्हणजे आमच्या घरातली एकमेव समीक्षक. तिचे काम पतपेढीतल्या खडूस हिशेबनिसासारखे. फेजने किती वीज गेली, न्यूट्रलने किती परत आली, एवढेच ती पाहते. तीस मिलिअँपिअरची तूट दिसली की दुकान बंद. तुटलेली वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असेल, असा तिचा संशय. आणि तो घेण्यासाठीच तिला बसवलेली असते. आमच्या जिन्यातल्या दिव्याने फेज इन्व्हर्टरच्या लाइनमधून घेतली होती आणि न्यूट्रल जोडला होता भलत्याच, डबीच्या ताब्यातल्या लाइनला. ९ वॅटचा दिवा झाला तरी २३० व्होल्टवर ४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. हिशेब जुळणार कसा?

वायरमनने डबीकडे कवतिकाने पाहिले. "सर, ही लय सेन्सिटिव्ह असतीय. डायरेक्ट करून टाकू." आणि दहा मिनिटांत त्याने तिच्या अलीकडची वायर पलीकडे जोडून तिला कायमची निवृत्ती दिली. घर सुरळीत झाले. मीही त्याला चहा पाजला. टीकाकाराचे तोंड बंद झाल्यावर कृती निर्दोष वाटू लागते, याचा एवढा ढळढळीत पुरावा मी वाङ्मयातही पाहिला नव्हता.

आठ दिवसांनी आई म्हणाली, "आरं, त्या मशीनला ओला हात लागला की मुंग्या येत्यात."

मग माझी बोबडी वळली. राशीनहून एक म्हातारे वायरमन आणले. त्यांनी भिंत फोडली नाही. सगळे प्लग काढले, सगळे खटके पाडले, आणि एकेक चालू करत तासाभरात जिन्यापाशी पोचले. मशीनचा बोर्ड उघडला तर आत अर्थिंगची हिरवी वायर सुबक वेटोळे करून ठेवलेली, कुठेच न जोडलेली. तिसरे भोक निव्वळ अलंकार! ती जोडून ते परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेले, वाकून माती चिमटीत धरली आणि फुंकर मारली. उडाली.

"मालक, हितं मुरूम कोरडा खडखडीत. कोरडी जमीन वीज ओढत नाय. म्हणून तर ती डबी पायजे."

त्यांनी सांगितलेले गणित मी नंतर मांडून पाहिले. खड्ड्याचा रोध १०० ओहम धरला, तर मशीनच्या पत्र्यात फेज उतरूनही जमिनीत सव्वादोन अँपिअरच जातील. सोळाचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. डबीला मात्र त्यातला पन्नासावा हिस्साही पुष्कळ. म्हणजे रायगडातल्या कर्जतला ती हवी असेल तर आमच्या कर्जतला ती दुप्पट हवी. आणि नेमकी तीच मी चहा पाजून मुकी केली होती.

आता डबी पुन्हा कामावर आहे. खड्ड्यात मीठ-कोळसा भरला आहे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचे आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आईला हे पटेना. "तुळशीला तांब्याभर मिळंना, अन् खड्ड्याला बादली?" शेवटी भाजी धुतलेल्या पाण्यावर तडजोड झाली.

त्या डबीवर तपासणीसाठी 'टी' नावाचे बटण असते. महिन्यातून एकदा दाबावे, असे म्हाताऱ्यांनी सांगितले होते. महिना लक्षात कसा राहणार, म्हणून आई ते अमावास्येला दाबते. पंखा थांबतो, फ्रिज गप्प होतो. खटका वर करता करता ती स्वैपाकघराकडे बघून ओरडते, "हाय गं, जागा हाय!"