चाहत्याचा अभ्यास आणि चाहत्याचा हक्क

१
भयकथा, विज्ञानकथा, अद्भुतकथा किंवा रहस्यकथा अशा एखाद्या प्रकाराला वाहून घेतलेल्या प्रेक्षकाचे मत समीक्षेच्या व्यवहारात सहसा विचारात घेतले जात नाही. त्याच्या मताला 'आवड' म्हटले जाते, 'निर्णय' म्हटले जात नाही. ह्यामागे दोन आक्षेप असतात. पहिला असा की, हा प्रेक्षक कलाकृतीकडे अगोदरच ठरवलेल्या मागण्या घेऊन येतो. दुसरा असा की, त्याचे कलाकृतीशी असलेले नाते ताटस्थ्याचे नसून आसक्तीचे असते. हे दोन्ही आक्षेप एकाच दोषाची दोन नावे आहेत असे गृहीत धरले जाते. वस्तुतः ते भिन्न आहेत. पहिल्यात जे दोष म्हणून सांगितले जाते, ती रसिकतेची पूर्वअटच आहे. दुसऱ्यात मात्र खरा धोका आहे. गेल्या काही वर्षांतील चित्रपट व मालिका ह्यांविषयी चाहत्यांनी जी मते मांडली, ती ह्या भेदाच्या आधारे तपासली तर प्रकारनिष्ठ रसिकतेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

पूर्वअपेक्षेविषयी प्रथम. हान्स रॉबर्ट याउस ह्यांनी १९६७ पासून मांडलेल्या स्वीकारविचारात 'अपेक्षाक्षितिज' ही संकल्पना मध्यवर्ती आहे. कोणतीही संहिता रिकाम्या मनावर उमटत नाही. वाचकाने अगोदर वाचलेल्या संहितांनी घडवलेल्या क्षितिजावरच ती उगवते. हीच गोष्ट अभिनवगुप्तांनी वेगळ्या परिभाषेत सांगितली होती. त्यांचा सहृदय हा केवळ जन्मजात संवेदनशील माणूस नव्हे. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचे मन आरशासारखे निर्मळ झाले आहे, तो सहृदय. म्हणजे सहृदयत्वाच्या घडणीत अभ्यासाला निर्णायक स्थान आहे. शेकडो भयपट पाहिलेल्या, त्यांतील संकेतांची वंशावळ तोंडपाठ असलेल्या चाहत्याने हा अभ्यास केलेला असतो. त्याच्या मागण्या ह्या अभ्यासातून येतात. एखाद्या ख्यालगायकाकडून रागाच्या नियमांची अपेक्षा करणाऱ्या श्रोत्याला कोणी पूर्वग्रहदूषित म्हणत नाही.

२
ह्या मागण्यांचे स्वरूप पाहावयाचे असेल तर अभिनवगुप्तांनी 'अभिनवभारती'त सांगितलेल्या सात रसविघ्नांचा आधार उपयुक्त ठरतो. चाहत्यांच्या तक्रारी वरवर तपशिलाच्या वाटतात. अमुक पात्र इतक्या लवकर तेथे कसे पोचले, अमुक शक्तीचा नियम अचानक कसा बदलला, अशा प्रश्नांना क्षुद्र ठरवणे सोपे आहे. परंतु पहिलेच रसविघ्न 'संभावनाविरह' हे आहे. दाखवलेली गोष्ट घडू शकते असा प्रत्ययच नसेल, तर चित्त तेथे विसावणार कसे? ह्याच ठिकाणी लोकोत्तर कृत्यांसाठी रामादी प्रख्यात चरित्रे घेण्याचे कारणही सांगितलेले आहे : दीर्घ प्रसिद्धीमुळे प्रेक्षकाचा विश्वास अगोदरच दृढ झालेला असतो. अद्भुतप्रकारात ही प्रसिद्धी दोन मार्गांनी मिळते. एक मार्ग प्रकाराच्या रूढ संकेतांचा. दुसरा, कलाकृतीने स्वतःच घालून दिलेल्या नियमांचा. म्हणूनच जेथे सर्व काही शक्य आहे असे वाटते, तेथे नियम अधिक काटेकोर असावे लागतात.

'गेम ऑफ थ्रोन्स' (२०११–२०१९) ह्या मालिकेविषयीचा असंतोष ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सुरुवातीच्या पर्वांत अंतराला किंमत होती. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्यास अनेक भाग लागत, आणि त्या प्रवासातच पात्रे घडत वा मोडत. २०१७ च्या सातव्या पर्वात भिंतीपलीकडे अडकलेल्या तुकडीचा निरोप पक्ष्यामार्फत दूरच्या बेटावर जातो आणि तेथून ड्रॅगन मदतीस येऊन पोचतो, हे सर्व अविश्वसनीय वेगाने घडते. चाहत्यांची तक्रार भूगोलाविषयी नव्हती. अंतर संपले तसा परिणामांचा भारही संपला, ही ती तक्रार होती. ड्रॅगन मान्य करणारा प्रेक्षक वेग मान्य करीत नाही, ह्यात विसंगती नाही. ड्रॅगन हा त्या जगाचा नियम आहे, तो वेग हा नियमभंग आहे.

त्याच मालिकेचा २८ एप्रिल २०१९ रोजी प्रक्षेपित झालेला 'द लाँग नाइट' हा युद्धाचा भाग अनेकांना अक्षरशः दिसला नाही, इतका तो अंधारा होता. छायालेखकाने ह्या अंधाराचे समर्थन केले. तरीही प्रेक्षकांचा आक्षेप 'प्रतीत्युपायवैकल्य' ह्या विघ्नाशी जुळतो : ज्या साधनांनी प्रतीती व्हावयाची तीच अपुरी पडली. मालिकेच्या पहिल्याच दृश्यापासून ज्या हिमशत्रूची भीती साठवत आणली, त्याचा निकाल एका रात्रीत लागून उरलेले भाग सिंहासनाच्या वादाला मिळाले, ह्या तक्रारीला 'अप्रधानता' म्हणता येईल. प्रधान काय आणि गौण काय ह्याविषयी रचनेचा स्वतःशीच गोंधळ झाला होता. चाहत्यांनी ही परिभाषा वापरली नाही. पण त्यांचे बोट नेमक्या ठिकाणी होते.

३
ह्याच्या उलट उदाहरण राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८) ह्या चित्रपटाचे आहे. मराठी वाचकाला त्याची नाळ परिचित आहे. नाव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या 'तुंबाडचे खोत' ह्या कादंबरीची आठवण देते, तर मूळ प्रेरणेचे श्रेय दिग्दर्शकाने नारायण धारप ह्यांच्या कथेला दिलेले आहे. पहिल्या प्रदर्शनात मर्यादित प्रतिसाद मिळालेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. मधल्या सहा वर्षांत त्याची कीर्ती टिकवून ठेवण्यात प्रकारनिष्ठ प्रेक्षकांचा वाटा मोठा होता.

अभ्यासकांनी 'तुंबाड'चे कौतुक प्रामुख्याने रूपक म्हणून केले. १९१८ ते स्वातंत्र्याच्या काळापर्यंत पसरलेली ही हावेची कथा आहे, हस्तर हे संचयाच्या वासनेचे प्रतीक आहे, इत्यादी. हे चुकीचे नाही. परंतु चाहता ज्या गोष्टीकडे लक्ष वेधतो ती अगोदरची आहे. तो पिठाविषयी बोलतो. हस्तराला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो पिठाला भुलतो. पिठाची बाहुली त्याला गुंतवते, पिठाचे रिंगण माणसाला राखते. एवढाच नियम. शेवटी बाप आणि मुलगा अधिक मुद्रांच्या लोभाने एकाऐवजी अनेक बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर प्रकट होतात. येथे कोणताही नवा नियम आणलेला नाही. जुनाच नियम हावेने गुणला गेला आहे. हावेचे रूपक ह्या गुणाकारातून उभे राहते, संवादातून नव्हे. नियम आधी, भय त्यातून, आणि अर्थ भयातून असा हा क्रम आहे. जो समीक्षक थेट अर्थापाशी पोचतो त्याने मधला जिना पाहिलेलाच नसतो. भीती वाटलीच नसती, तर हावेविषयीचे ते विधान कोणत्याही बोधकथेत मावले असते.

'स्त्री' (२०१८) आणि कोकणातील लोकसमजुतीवर आधारलेला 'मुंज्या' (२०२४) ह्या चित्रपटांनी भयाची विनोदाशी सांगड घातली. भयपटाच्या निष्ठावंतांपैकी काहींची नापसंती अशी की, हशा भयाला निःशस्त्र करतो. साहित्यशास्त्राने हास्य व भयानक ह्यांना परस्परविरोधी मानले आहे. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त तसा उल्लेख आहे. अभिनवगुप्तांचे सातवे विघ्न 'संशययोग' हे येथे अधिक सूक्ष्म उत्तर देते. वाघ हा भयाचा विभाव होऊ शकतो, तसा क्रोधाचाही. एकटा विभाव भाव निश्चित करीत नाही, विभावादींचा संयोग तो करतो. तेव्हा मुंज्या हास्यास्पद असणे हा दोष नव्हे. एखाद्या प्रसंगात तो कशासाठी आहे हे रचनेलाच ठाऊक नसणे हा दोष होय. हा संशय आणि त्स्वेतान तोदोरोव ह्यांनी १९७० मध्ये अद्भुताचे लक्षण म्हणून सांगितलेली द्विधा ह्यांत गल्लत होऊ नये. तोदोरोव ह्यांची द्विधा घटनेच्या स्वरूपाविषयी आहे, नैसर्गिक की अतिनैसर्गिक. ती प्रकाराला पोषक आहे. भावाविषयीचा संशय त्याला मारक आहे. येथे निष्ठावंत चाहत्याचे मत अपुरे पडते, कारण तो प्रकाराची शुद्धता आणि रचनेची निश्चितता ह्यांना एकच समजतो.

४
आता दुसरा आक्षेप, आसक्तीचा. अभिनवगुप्तांचे दुसरे विघ्न असे आहे की, प्रतीती 'माझी' किंवा 'त्याची' अशा देशकालबद्ध मर्यादेत अडकते आणि साधारणीकरण होत नाही. चाहत्याचे खरे विघ्न हे आहे. ते कलाकृतीत नसून त्याच्यात असते.

'गेम ऑफ थ्रोन्स'चे अखेरचे पर्व नव्याने बनवावे अशा विनंतिपत्रावर २०१९ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ह्या पर्वात दोष आहेत हा निर्णय आहे. ते बदलून द्या ही मागणी आहे. पहिल्याची कसोटी कलाकृतीत आहे, दुसरीची ग्राहकाच्या हक्कात. 'स्टार वॉर्स : द लास्ट जेडाय' (२०१७) ह्या चित्रपटाबाबत हे अधिक विदारकपणे दिसले. ल्यूक स्कायवॉकर ह्या पात्राचे नवे वळण त्याच्या पूर्वचरित्राशी जुळते का, हा अभ्यासातून आलेला, चर्चेस योग्य असा प्रश्न होता. परंतु त्याच असंतोषातून केली मेरी ट्रॅन ह्या अभिनेत्रीवर वंशद्वेषी व स्त्रीद्वेषी शिव्यांचा मारा झाला आणि २०१८ मध्ये तिने समाजमाध्यमावरील आपल्या नोंदी काढून टाकल्या. 'हे जग आमचे आहे' ह्या वाक्यातील 'आमचे' जोवर परिचय दर्शवते तोवर ते रसिकतेचे असते; मालकी दर्शवू लागताच ते रसास्वादाच्या बाहेर पडते. हेन्री जेन्किन्स ह्यांनी १९९२ मध्ये चाहत्याचे वर्णन दुसऱ्याच्या रानात शिरून आपल्यापुरते वेचून नेणारा असे केले होते. ते वर्णन सत्ताहीन चाहत्याचे होते. आज निर्माते त्याच्याच कलाने पाऊल टाकतात. चाहत्यांच्या मोहिमेनंतर २०२१ मध्ये 'जस्टिस लीग'ची झॅक स्नायडर ह्यांची चार तासांची आवृत्ती आली, हे त्याचे उदाहरण. वेचणारा रानाचा वाटेकरी झाला, तरी त्याची भाषा मात्र वंचिताचीच राहिली.

५
म्हणून चाहत्याच्या मताकडे समीक्षेने दोन हातांनी पाहावे लागेल. त्याचा अभ्यास स्वीकारावा, हक्क नाकारावा. मराठीत ह्या भेदाची निकड अधिक आहे. बाबूराव अर्नाळकर ह्यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ह्यांच्या भयकथा-गूढकथांनी वाचकांच्या पिढ्या घडवल्या. २०१६ मध्ये सुरू झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही कोकणातील मालिका आणि २०१९ मधील तिचे पूर्वकथा सांगणारे दुसरे पर्व ह्यांचा प्रेक्षक ह्याच परंपरेत वाढलेला आहे. ह्या वाचक-प्रेक्षकापाशी संकेतांचे, नियमांचे आणि त्यांच्या भंगाचे जे ज्ञान आहे, त्याला समीक्षेच्या परिभाषेत फारच थोडी जागा मिळाली. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी दोन वाचकांनी धारपांच्या दोन कथांची केलेली तुलना कोठे नोंदली जात नाही. ते वाचक गेले की ती तुलनाही जाते.

विद्यापीठीय समीक्षेला रूपक वाचता येते, परंतु पीठ दिसत नाही. चाहत्याला पीठ दिसते, परंतु ते आपल्याच घरचे आहे असे त्याला वाटते. ह्या दोघांनी एकमेकांचे ऐकल्याशिवाय भयानक आणि अद्भुत ह्या रसांची मराठी समीक्षा उभी राहणार नाही. त्यातील पहिले पाऊल समीक्षकाने टाकावे हे उचित होय, कारण ऐकणे हा त्याच्या व्यवसायाचा भाग आहे.