सतरा मीटरची अट आणि आठ मिलिमीटरची भिंत

ध्वनीचा धडा संपला की मुलांच्या डोक्यात एक आकडा पक्का बसलेला असतो : १७.२ मीटर. यापेक्षा जवळच्या भिंतीवरून प्रतिध्वनी मिळत नाही, असे मुले उत्तरपत्रिकेत लिहितात आणि आपण गुणही देतो. त्याच धड्यात पुढे श्राव्यातीत ध्वनीच्या उपयोगांची यादी येते. तीत धातूच्या ठोकळ्यांतील भेगा आणि दोष शोधता येतात, अशी एक ओळ असते. ठोकळा तर हातभरही लांब नसतो. मग एवढ्याशा जागेत प्रतिध्वनी आला कुठून? एखाद्या चौकस मुलीने हे विचारले, तर धड्यातून उत्तर देणे सोपे नाही.

बालभारतीचे २०१७ साली आलेले नववीचे पुस्तक आणि एनसीईआरटीचे २००६ सालचे पुस्तक, दोन्हींत १७.२ मीटरचे कारण दिलेले आहे. ऐकलेल्या ध्वनीचा परिणाम मेंदूत सुमारे ०.१ सेकंद टिकतो, म्हणून त्याआधी परत आलेला आवाज वेगळा ऐकू येत नाही. कारण बरोबर आहे. पण त्यावरून निघणारी गोष्ट ठसवली जात नाही, ही माझी तक्रार आहे. ही अट ध्वनीवर नाही, ऐकणाऱ्यावर आहे. कानाच्या जागी दाबविद्युत स्फटिक ठेवला की ती अट उरतच नाही.

हे दाखवायला ठोकळ्यापेक्षा नळीचे उदाहरण कितीतरी चांगले. बॉयलरमध्ये किंवा तेलवाहिन्यांत वापरतात त्या बिनजोड, म्हणजे सीमलेस, नळ्या आपल्याकडे बारामती आणि अहिल्यानगर येथेही बनतात. ही रीत जर्मनीतील मानेसमान बंधूंनी १८८०च्या दशकात काढली. लालभडक तापवलेला भरीव गोल दांडा दोन तिरप्या रुळांमधून गरगर फिरवत पुढे ढकलतात आणि समोर धरलेल्या टोकदार प्लगवर तो आतून पोकळ होत जातो. दांडा एका बाजूला कमी तापलेला असेल किंवा प्लग जरा सरकला, तर भोक मध्यावर पडत नाही. नळीची भिंत एका अंगाला जाड आणि समोरच्या अंगाला पातळ होते.

बाहेरचा व्यास बरोबर, आतला व्यास बरोबर, वजनसुद्धा बरोबर. तरीही नळी नापास! मायक्रोमीटर फक्त दोन्ही टोकांशी चालतो, मधल्या कित्येक मीटरांत तो पोचत नाही. आणि आतल्या दाबाने नळी फुटते ती तिच्या सर्वांत पातळ जागी, सरासरी जाडीने नव्हे.

येथे प्रतिध्वनी कामाला येतो. पोलादात अनुतरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर, म्हणजे मायक्रोसेकंदाला ५.९ मिलिमीटर. ८ मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून जाऊन यायला २.७१ मायक्रोसेकंद लागतात, ७ मिलिमीटरला २.३७. ही ७ मिलिमीटर मी उगाच घेतलेली नाही. उच्च तापमानाच्या कामासाठीच्या पोलादी पाइपांचे 'एएसटीएम ए १०६' हे प्रमाण जाडीत जास्तीत जास्त १२.५ टक्के घट चालवून घेते. आठाचे साडेबारा टक्के म्हणजे एक. नळी पास की नापास, हा निकाल एका मायक्रोसेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर ठरतो.

आता एनसीईआरटीच्या वर्णनाकडे वळू. त्यात लहरी ठोकळ्यातून आरपार सोडतात आणि पलीकडे पोचलेल्या लहरी शोधकाने टिपतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ सोकोलोव यांनी १९२८च्या सुमारास सुचवलेली पद्धत साधारण अशीच होती. तिने दोष आहे एवढे कळते, तो किती खोल आहे हे कळत नाही. शिवाय लांब, अरुंद नळीत पलीकडचा शोधक बसवायचा कसा? अमेरिकेतील फायरस्टोन यांना १९४२ साली ज्या साधनाचे पेटंट मिळाले, ते एकाच बाजूने स्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकते. त्या पेटंटच्या शीर्षकातच दोष शोधणारे साधन आणि मोजमापाचे उपकरण असा दुहेरी उल्लेख आहे. आपल्या धड्याने पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला. खरे तर मुलांना गणित करता येते ते दुसऱ्यातच.

त्याच पुस्तकात लांब तरंगलांबीचा साधा ध्वनी दोषाला वळसा घालून जातो असे म्हटले आहे, ते मात्र उत्तम. पोलादात १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ५.९ मीटर, तर ५ मेगाहर्ट्झची जेमतेम १.२ मिलिमीटर. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवावेत.

पण जरासाही दोष असला की लहर परतते, हे विधान मला खटकते. भेग लहरीच्या दिशेला समांतर असेल, तर लहर तिच्या कडेने निघून जाते. नळीच्या लांबीला धरून पडलेली आणि भिंतीत सरळ आत शिरलेली भेग नेमकी अशीच असते. जाडी मोजणाऱ्या सरळ लहरीला ती दिसत नाही. तिच्यासाठी लहर तिरपी सोडून भिंतीत परिघाने उड्या मारत फिरवावी लागते. म्हणून कारखान्यात जाडीसाठी वेगळा प्रोब आणि भेगांसाठी वेगळे प्रोब असतात. मध्ये पाणी ठेवावे लागते, कारण हवेची पातळ फट राहिली तरी जवळजवळ सगळी लहर तिथूनच परत फिरते.

आणखी एक गोष्ट धड्यात येत नाही. यंत्र जाडी मोजत नाही, वेळ मोजते. वेग आपण सांगितलेला असतो. पोलाद ५५ अंश सेल्सिअसने तापले की हा वेग साधारण एक टक्क्याने घटतो. वेळ लांबते आणि भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते. थंड नमुन्यावर जुळवलेले यंत्र गरम नळीवर लावले, तर ६.९५ मिलिमीटरची भिंत ७.०२ भरेल आणि नापास नळी पास होईल.

सोनारने समुद्राची खोली काढायची तीच ती उदाहरणे घालण्यापेक्षा फळ्यावर हे द्यावे : नळीची ठरलेली जाडी ८ मिलिमीटर, घट साडेबारा टक्क्यांपर्यंत मान्य; आतल्या पृष्ठावरून लागोपाठ आलेल्या दोन प्रतिध्वनींत २.३० मायक्रोसेकंदांचे अंतर. नळी घ्यावी की परत पाठवावी? (लागोपाठचे दोन प्रतिध्वनी घेतले म्हणजे पाण्यातल्या प्रवासाचा वेळ आपोआप वगळला जातो.) उत्तर ६.८ मिलिमीटरच्या आसपास येते. दोनाने भागायला विसरलेल्या मुलांच्या वह्यांत मात्र ही नळी थाटात पास झालेली असेल.